पढवून पाठवलेला माणूस

कवडू चहांदे मोटर दुरुस्त करायला बसला की त्याचं तोंड बंद राहत नसे. सातपुडा मिलमध्ये कुठंही मोटर बंद पडून बसली की बिजलीखात्यात कवडूच्या नावानं हाका सुरू व्हायच्या, आणि तो निघाला की हातातलं काम टाकून लोक मागोमाग यायचे. मोटर पाहायला नाही, कवडूला ऐकायला. तो मोटरच्या अंगावर तळवा ठेवायचा, खाली वाकून वास घ्यायचा आणि बायकोशी बोलावं तसा सुरू व्हायचा.

"काहून वं, काय झालं तुले? अशी आंग टाकून काहून बसली? कोनं मारलं? आँ? डाव्या कुशीत दुखते? हाव, तिथी तं आग लागली आहे तुले. कोन्या गाढवानं पाण्यात ठेवली वं तुले?"

बोलता बोलता हात नटांवरून फिरत, झाकण निघे, आणि जळकी कॉइल डाव्या कुशीतच सापडे. मग कवडू उभा राहून जमलेल्यांकडे पाही. "या मिलमधी दोनच कारागीर. एक मी, अन् दुसरा बी मीच."

बोलणं थांबलं की त्याचे हातही थांबत. एकदा दाढ काढून, तोंडात कापसाचा बोळा घेऊन तो कामावर आला. दिवसभर एका मोटरीपाशी बसून राहिला, तिचं पोट काही उघडलं नाही. लोकांनी आठवडाभर त्याची टर उडवली.

विश्वनाथ सोमकुवर हा त्याचा जिवाचा मैतर. सक्करदऱ्याकडच्या एकाच वस्तीत, एकाच नळावर भांडून दोघं वाढले. छप्पन साली धम्मदीक्षेला पांढरे कपडे घालून एकाच रांगेत उभे होते. मिलमध्येही मागेपुढेच लागले, कवडू बिजलीखात्यात आणि विश्वनाथ मागांच्या साचाखात्यात. पण विश्वनाथच्या तोंडाची गोष्ट वेगळी होती.

नोकरी लागून दोनेक वर्षं झाली असतील. जॉबरशी, म्हणजे खात्याच्या मुकादमाशी, भांडण झालं म्हणून विश्वनाथला घरी बसवलं. तो तरातरा सदर भागातल्या मजूर कचेरीत गेला आणि टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "साहेब, मले काहून काढलं ते मले मालूम झालं पाहिजे." साहेब काही वाईट नव्हता. त्यानं फक्त शेजारच्या कारकुनाकडे पाहिलं, हळूच "मले" म्हटलं, आणि दोघं हसले. पुढं तक्रार मंजूर झाली. विश्वनाथ कामावर परत लागला. जॉबरला माफी मागावी लागली. जिंकलेला माणूस तो. पण ते हसणं त्याच्या पोटात घर करून बसलं, ते काही निघालं नाही.

त्यानं जिभेवरून एकेक शब्द खरवडून काढला. युनियनच्या खोलीत रोजचा पेपर यायचा, त्यातला अग्रलेख तो भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं वाचायचा. वाचनालयातून पुस्तकं आणायचा, कळो न कळो, वाचायचा. 'मले' गेलं, 'काहून' गेलं, 'करून राहिलो' गेलं. घरातसुद्धा तो तसाच बोलायला लागला. त्याची बायको सुभद्रा कावून जायची. "घरी तरी माणसावानी बोला ना जी. भाकर मांगता तं वाटते तहसीलदार आला जेवाले."

पण त्या बोलण्याचा उपयोग झाला, हे कोणीही नाकारणार नाही. विश्वनाथनं लिहिलेली निवेदनं वाचून अधिकारी सावरून बसू लागले. गेटवरची त्याची भाषणं ऐकायला दुसऱ्या मिलचे कामगार सायकली मारत येत. एकदा त्याच मजूर कचेरीत नव्या साहेबानं उठून त्याला खुर्ची दिली. त्या दिवसापासून विश्वनाथची खात्री झाली, की ज्यानं आपण वाचलो त्यानंच सगळे वाचतील. युनियनच्या खोलीत कोणी 'मले' म्हटलं की तो टेबलावर थाप मारायचा. "मला. परत म्हण." डोकं तापट. समोरचा म्हणेपर्यंत तो त्याचा अर्ज हातात घ्यायचा नाही. लोक त्याच्यापुढं जपून बोलत. एकटा कवडू तेवढा बधत नसे. "ए इस्वनाथ, तुह्या जिभेले इस्त्री कोन्या धोब्यानं केली गा?" असं तो भर खोलीत विचारायचा, आणि विश्वनाथला राग यायच्या आधी हसू यायचं.

बहात्तर साली मिलनं 'ज्येष्ठ तंत्र-कारागीर' नावाची योजना काढली. जुन्या, अनुभवी कामगारांनी अर्ज करायचा, समितीपुढं काम करून दाखवायचं, तोंडी परीक्षा द्यायची. जो पास होईल त्याला मान मिळणार, खात्यात मिस्त्रीची जागा पक्की होणार. विश्वनाथनं गेटवर आधी नेहमीप्रमाणे तोफ डागली, की हे बिल्ले वाटून कामगारांत भांडणं लावायचे धंदे आहेत. मग त्यानं योजनेचा कागद नीट वाचला आणि गप्प झाला. योजनेच्या मागोमाग नवी श्रेणीवारी येत होती. ज्याच्याजवळ आयटीआयचा कागद नाही आणि हा मानही नाही, तो हेल्पर. कवडू चौथीपर्यंत शिकलेला. म्हणजे ज्यांना त्यानं पाना धरायला शिकवला, त्यांच्याच मागं त्यानं पान्यांची पेटी उचलून फिरायचं.

"मंग भर ना गा तो अर्ज," कवडू म्हणाला. "तुले लिव्हता येते, मले मोटर येते. दोघाईचं मिळून एक मानूस होते."

अर्जात 'केलेल्या विशेष कामाचे वर्णन' असा रकाना होता. विश्वनाथ पेन उघडून बसला. कवडू ओट्यावर मांडी घालून सांगायला लागला.

"ते पंख्याची मोटर नाई का, बारिशमधी बंद पडलती. तिले सर्दी झालती बा. चांगली निखाऱ्याच्या शेगडीपाशी निजवली तिले, पोतं पांघरून. सकाळी उठली तं अशी गाणं म्हणाले लागली."

विश्वनाथनं लिहिलं : 'दमट हवामानामुळे मोटरचे इन्सुलेशन क्षीण झाले होते. नियंत्रित उष्णता देऊन मी ते पूर्ववत केले.'

त्यानं वाचून दाखवलं. कवडू तोंडात बोट घालून ऐकत राहिला. "हे मी केलं?"

"तूच केलंस."

"गजब मानूस आहो बावा मी," कवडू म्हणाला, आणि बायकोला हाक मारून ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

अर्ज मंजूर झाला. परीक्षेचं बोलावणं आलं. इथपर्यंत सगळं बरोबर झालं होतं, आणि इथंच थांबायला पाहिजे होतं. पण विश्वनाथला कवडूच्या जागी मजूर कचेरीतल्या टेबलापुढं उभा असलेला दुसराच एक पोरगा दिसायला लागला होता. साहेब एकमेकांकडे पाहतील, हसतील. कवडू मोटरीला 'काहून वं' म्हणेल आणि सगळी समिती पोट धरेल. नाही. आपल्या माणसावर कोणी हसायचं नाही.

रोज संध्याकाळी तो कवडूला तलावाच्या काठी घेऊन जाऊ लागला. हातात पेपरची सुरळी. 'मले' आलं की गुडघ्यावर सुरळी बसायची. प्रत्येक बिघाडाचं एकेक वाक्य विश्वनाथनं बांधून दिलं. 'बेअरिंगची झीज झाल्यामुळे मोटरमधून आवाज येत आहे.' 'विद्युत दाब अपुरा असल्यामुळे मोटर गती घेत नाही.' कवडू पोपटासारखं म्हणायचा, अडखळायचा, तलावातल्या म्हशींकडे पाहायचा.

"त्या म्हशीले पाहून राहिला का तू?"

कवडू खूश होऊन वळला. "पाह्य, तुह्या तोंडून बी निघालं."

"निघालं नाही. चूक झाली," विश्वनाथ कडाडला. "पुढचं वाक्य म्हण."

घरी परतल्यावर कवडू गपगप राहू लागला, तशी एक दिवस त्याच्या बायकोनं, मनकर्णानं, विश्वनाथला दारातच धरलं. ती तांदूळ पाखडत होती. हात न थांबवता बोलली.

"भाऊजी, याले काहून मुकं करून राहिले तुमी? कालपासून पोराईसंग बी जपून बोलते. मले मनते, 'मला पाणी दे.' मले वाटलं आंगात आलं याच्या."

"परीक्षेपुरतं आहे, वहिनी. मोठे साहेब लोक बसतात समोर."

"बसू द्या ना. मोटर त्याईच्या भाषेत बिघडते का?"

"ते हसतील त्याला."

"हासले तं हासले. हासल्यानं मानूस मरते का?"

विश्वनाथचा आवाज चढला. "तुम्ही नव्हता तिथं. तुम्हाला काय माहीत मरतो की नाही ते." शेजारणी बाहेर आल्या. मनकर्णानं सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला.

परीक्षेच्या दिवशी कवडू धुतलेला सदरा घालून आला. बिजलीखात्यातच टेबल मांडलं होतं. मिलचे इंजिनिअर, मजूर अधिकारी, आणि बाहेरचे परीक्षक म्हणून भैय्याजी. हे भैय्याजी दुसऱ्या एका मिलमधून हेडमिस्त्री म्हणून निवृत्त झालेले, उमरेडकडचे, डोक्याला टापशीचा रुमाल, पायात कातडी वहाणा. त्यांचा शब्द चालतो असं सगळे म्हणत. युनियनचा माणूस म्हणून विश्वनाथला भिंतीकडे एक स्टूल दिलं होतं. बसायचं, पाहायचं, बोलायचं नाही, अशी अट.

मध्ये एक मोटर ठेवलेली. खटका दाबला तशी ती घुमली, पण दुखावलेल्या जनावरासारखी. भैय्याजींनी खटका बंद केला, खुर्ची पुढं ओढली आणि कवडूकडे पाहून म्हणाले, "हं, पाह्य बापा. काहून कण्हून राहिली हे?"

ते शब्द ऐकून विश्वनाथ स्टुलावर पुढं सरकला. परीक्षक कवडूच्याच बोलीत विचारत होता.

कवडूनं भैय्याजींकडे पाहिलं. तोंड उघडलं. मग त्याची नजर भिंतीकडे, विश्वनाथवर गेली. तोंड मिटलं. त्यानं मोटरवर तळवा ठेवला, वाकला, वास घेतला. ओठ एकदा हलले. मग तो ताठ उभा राहिला आणि हात बाजूला सोडून म्हणाला, "बेअरिंगची झीज झाल्यामुळे मोटरमधून आवाज येत आहे."

इंजिनिअरनं मान वर केली. भैय्याजींनी कपाळाला आठ्या घातल्या.

"बेअरिंग? बराबर पाह्यलं का तू?"

"होय. मी निरीक्षण केले."

"अरे, निरीक्षण सोड. हात लावला ना तू? हाताले काय लागलं?"

कवडूनं आपल्या तळव्याकडे पाहिलं.

"घाबरू नोको बापा. तुह्या खात्यात मोटर बिघडली तं तू काय करतं, कसं वळखतं, तसं सांग. जसं येते तसं."

"मला अनुभवाने समजते," कवडू म्हणाला. कपाळावरून घाम ओघळत होता. तो पुसायलाही त्याचा हात उठेना.

विश्वनाथ स्टुलावर बसून होता. एक वाक्य बोलायचं होतं. कवड्या, तुह्या भाषेत बोल. एवढंच. अट होती हे खरं, पण आयुष्यात अट पाळणारा माणूस नव्हे तो. गेटवर लाठ्या खाल्लेला, कलेक्टरच्या तोंडावर कागद फेकलेला माणूस. तो उठला नाही त्याचं कारण दुसरं होतं. उठून त्या बोलीत तसं म्हटलं असतं तर इंजिनिअर आणि मजूर अधिकारी त्याच्याकडे वळले असते, आणि त्यांना कळलं असतं, की सोमकुवर बोलतात ती भाषासुद्धा अशीच पढवलेली आहे. त्यानं स्टुलाच्या कडा घट्ट धरल्या.

भैय्याजींनी बऱ्याच वेळा विचारून पाहिलं. सोपं केलं, अजून सोपं केलं. कवडूनं पाठ केलेली वाक्यं एकेक करून दिली, प्रश्नाला लागू पडोत न पडोत. शेवटी भैय्याजी मागं टेकले. "कोनं पढवलं गा तुले?" असं त्यांनी विचारलं, रागानं नाही. कवडूनं विश्वनाथकडे पाहिलं नाही. "कोणीही नाही," तो म्हणाला.

संध्याकाळी दोघं सायकली हातात धरून पायीच निघाले. बऱ्याच अंतरानं कवडू बोलला.

"कॉइल जळलती, इस्वनाथ. डाव्या आंगाले. हात ठेवल्याबरोबर समजलं मले."

विश्वनाथ जागीच थांबला. "मग बेअरिंग कशाला म्हणालास?"

"कॉइलचं वाक्य नाई आठवलं," कवडू म्हणाला. "बेअरिंगचं पाठ होतं."

निकाल लागला. कवडू नापास. शेरा होता : पाठांतर चांगले, स्वतःची समज दिसून येत नाही. विश्वनाथनं तो वाचला आणि टेबल उलथायचं तेवढं बाकी ठेवलं. मोर्चा काढू, धरणं धरू, म्हणाला. दुसऱ्या सकाळी रागातच भैय्याजींच्या घरी गेला. ते अंगणात खाटेवर बसून दातण करत होते. त्यांनी विश्वनाथला सगळं बोलू दिलं. पक्षपात, मालकांची दलाली, काय काय. मग चूळ भरून म्हणाले :

"बसा. हे पाहा, म्या त्याले माह्याच बोलीत पुसलं. म्हटलं गरीब मानूस आहे, मोकळा होईन. थो कागद वाचल्यावानी बोलाले लागला. आमाले वाटलं, कोन्या शिकलेल्यानं पढवून पाठवला, याले सोताले काई येत नाई. अशा मानसाच्या हाती बिजली दिली अन् कोनी चिपकलं, तं कोन जबाबदार?"

"त्याला सगळं येतं," विश्वनाथ म्हणाला. "पुन्हा घ्या परीक्षा. मी नसतो येत तिथं."

"माह्या हातात काय आहे आता? दोन वर्सानं पुन्हा निंघन योजना. तवा अर्ज भर म्हना त्याले." आणि मग, पाण्याचा लोटा खाली ठेवता ठेवता : "तुमी वळखता का जी त्याले पढवनाऱ्याले?"

विश्वनाथ उठला. "नाही," म्हणाला, आणि फाटकाबाहेर पडला.

श्रेणीवारी आली. कवडू हेल्पर झाला. नव्या मिस्त्र्यांच्या मागं पेटी घेऊन फिरू लागला. पोरं चांगली होती, त्याला 'काका' म्हणत, अडलं की हळूच विचारत. तो बोटानं दाखवायचा. खात्यात आता मोटर बिघडली तर बिघडली, बघायला कोणी जमत नसे. दोन वर्षांनी योजना पुन्हा निघाली. विश्वनाथनं कोरा अर्ज नेऊन दिला. कवडूनं तो हातात घेतला, नीट घडी घातली आणि परत केला. "मला इच्छा नाही," म्हणाला.

इच्छा नाही हे विश्वनाथ समजू शकला असता. त्याला खाऊन गेलं ते 'मला'.

कारण कवडू त्याच्याशी आता तसाच बोलायचा. विश्वनाथराव म्हणायचा, बसा म्हणायचा. टोमणा मारत असावा म्हणून विश्वनाथ पहिल्यांदा चिडला, मग त्यानं बारकाईनं पाहिलं. टोमणा नव्हता. इस्त्री केलेला सदरा विशिष्ट माणसासमोरच घालावा, तसं ते होतं. त्या माणसासमोर दुसरं काही चालत नाही हे कवडू शिकला होता, आणि चांगला शिकला होता. युनियनच्या खोलीतली थट्टा संपली. कोणी तोंडावर बोलेना, कोणी हसवेना. लोक अर्ज घेऊन येत, जपून बोलत, निघून जात. विश्वनाथनं टेबलावर थाप मारणं सोडलं, पण तोवर सगळ्यांना सवय लागून गेली होती.

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात एका रविवारी तो कवडूच्या घरी गेला. काही ठरवून नव्हता गेला. बोळात शिरला तर आतून आवाज आला. आटाचक्कीवाल्यानं आपली मोटर हातगाडीवर घालून आणली होती आणि कवडू तिच्यापुढं उकिडवा बसला होता. "काय वं माय, इतकी काहून फुगली? कोनं काई म्हटलं का? पीठ खाऊन खाऊन आंग जड झालं तुह्यं, थांब, तुले जुलाब देतो." चक्कीवाला खो खो हसत होता, पोरं हसत होती. विश्वनाथ भिंतीला हात लावून ऐकत राहिला. किती वर्षांनी ऐकत होता.

मग तो पुढं झाला, आणि कवडूनं मान वर केली. हात पुसून उठला.

"या, विश्वनाथराव. आपली प्रकृती कशी आहे?"

पोरं गप्प झाली. मनकर्णा दारात आली आणि तिथंच उभी राहिली. विश्वनाथ कवडूच्या समोर जाऊन उभा राहिला. त्यानं जोर करून, लहानपणीच्या नळावरचे शब्द शोधून काढावेत तसे काढले.

"कवड्या, मले... मले माफ कर गा."

ते त्याच्याच कानाला खोटं वाटलं. नाटकातल्या गावंढळ माणसासारखं. कवडू त्याच्याकडे पाहत राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. थोडं काळजीचं काही होतं, आपला माणूस चारचौघांत चुकला की वाटते तसली काळजी.

"मला," तो हलक्या आवाजात म्हणाला. "बसा ना. चहा घेता का?"

विश्वनाथनं चहा घेतला. चक्कीवाला निघून गेला होता, मोटर पोट उघडं टाकून पडली होती. दोघं ऊन फार आहे, पाणी कमी येतं, असं बोलले. कवडूनं एकदाही चूक केली नाही. बशी ठेवून विश्वनाथ उठला, येतो म्हणाला.

तो बोळाच्या तोंडाशी पोचला असेल नसेल, मागं पान्याचा आवाज झाला आणि कवडूचं तोंड पुन्हा सुरू झालं. शब्द नीट कळत नव्हते. विश्वनाथ भर उन्हात उभा राहिला. मनकर्णा खरकटं पाणी फेकायला बाहेर आली, तिनं त्याला पाहिलं. बादली रिकामी केली, पदरानं हात पुसले.

"घरी जा भाऊजी," ती म्हणाली. "तुमी दिसले तं थो पुन्हा थांबन."